लाकडी जहाजाचं मॉडेल करायचंय : ट्रिंकोमालीपासून सुरुवात केली तर?

उलटा_वारा

नमस्कार मंडळी,

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं बंदर आहे. तिथे एचएमएस ट्रिंकोमाली उभी आहे. १२ ऑक्टोबर १८१७ ला ती मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया, लाकूड मलबारी साग. ब्रिटिश युद्धनौकांपैकी आजही पाण्यावर तरंगणारी सगळ्यात जुनी नौका हीच. एचएमएस व्हिक्टरी वयाने मोठी, पण ती कोरड्या गोदीत आहे. बहीण न्यूकॅसलला असते, तिच्याकडे गेलो असताना हे जहाज पाहिलं आणि तेव्हापासून ते लाकडात करायचं डोक्यात बसलंय.

माझ्याकडे काय आहे? शाळेतलं सुतारकाम, घरातली किरकोळ ठोकाठोकी, आणि प्लॅस्टिकची बरीच विमानं. हत्यारांत ड्रिल, दोन कानशी, आजोबांचा रंधा. जागा म्हणजे हॉलमधलं एक टेबल, तेही जेवणाच्या वेळी मोकळं करून द्यायच्या अटीवर. किट घ्यावं की सगळं स्वतः कापावं? लाकूड कुठलं? सागाच्या जहाजाचं मॉडेल सागाचंच असावं असं मला वाटतं. १:६४ या प्रमाणात करावं म्हणतो. जाणकारांनी बोलावं.

शेवंती_ठाणे

वाखूसा (वाचनखूण साठवली). लिहिते सवडीने.

नाना_कोकणे

आमच्या वेळी गणपतीत थर्मोकोलचं जहाज दोन रात्रींत उभं राहायचं. तोफांसकट.

सुतारपक्षी

नाना, थर्मोकोलवर २०१८ पासून बंदी आहे. तुमचं आरमार बुडालं.

उलटा_वारा, आधी हिशेब करू. ट्रिंकोमालीचा तोफांचा डेक साधारण १५० फूट, म्हणजे ४६ मीटरच्या आत-बाहेर. १:६४ ला तो ७१-७२ सेंटिमीटर होतो. त्यात पुढे निघालेली बोस्प्रिट आणि मागचा बूम मिळवा, की मॉडेल मीटरभराच्या वर जातं. उंची पाऊण मीटरच्या पुढे. जेवणाचं टेबल मोकळं करून द्यायची अट कशी पाळणार? पुन्हा ही ३८ तोफांची फ्रिगेट. तोफा ३८, पण कप्प्या आणि डेडआय (दोर ताणायच्या भोकांच्या लाकडी चकत्या) शेकड्यांनी. त्यातली प्रत्येक वस्तू हाताने बांधायची असते.

लोकांना वाटतं की नवखा माणूस दोरखंडात अडकतो. तिथपर्यंत पोचलेला माणूस बहुतेक वेळा पूर्ण करतो. अर्धवट सोडलेली जहाजं बघितलीत तर त्यातली बरीचशी नाळेजवळ, पुढच्या गोलाईपाशी थांबलेली दिसतील. ट्रिंकोमाली ही लेडा वर्गातली. १७८२ साली पकडलेल्या एबे नावाच्या फ्रेंच फ्रिगेटवरून हा नमुना घेतला. पाण्याखाली सुंदर, पण नाक गोल. त्या गोलाईवर पट्ट्या वळवताना अगदी मुरलेले लोकही जपून असतात.

फळ्या लावायचं गणित आधी समजून घ्या, मग कुठलंही जहाज करा. मधल्या बल्कहेडवर (कण्यावर आडव्या बसवतात त्या छेदाच्या आकाराच्या पाट्या) डेकच्या काठापासून कण्यापर्यंत कागदाची पट्टी लावून अंतर मोजा. समजा १२० मिलिमीटर आलं. ५ मिमी रुंदीच्या पट्ट्या असतील तर तिथे २४ बसतात. आता तसंच नाळेपाशी मोजा, ७२ आलं. पट्ट्या तर २४ च राहणार, म्हणजे तिथे प्रत्येकीला ३ मिमीच जागा. तेव्हा प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाला ५ वरून ३ वर उतरती करायची. एका बाजूने रंधून, पट्टी चिकटवायच्या आधी. निम्म्याच्या खाली निमुळती करू नये, टोक फाटतं आणि चिकटायला कडच उरत नाही. तेवढी कमी जागा असेल तर दोन पट्ट्या एका रुंद पट्टीत संपवायच्या. मागे सुकाणूकडे उलटं होतं, तिथे अंतर जास्त निघतं आणि फट राहते. ती पाचरीसारख्या जादा तुकड्याने भरायची, पट्टी ताणून नाही.

नवखा माणूस पट्ट्या सरळच लावत जातो आणि नाळेजवळ एकावर एक चढू लागल्या की पुट्टीचा डबा उघडतो.

किट की स्वतः, याचं उत्तर तुमच्या स्वभावावर आहे. लाकडाचं नंतर लिहितो.

उलटा_वारा

नंतर का? लाकडाचंच आधी सांगा की.

सुतारपक्षी

बरं. सागाचा हट्ट सोडा.

खऱ्या जहाजाला साग का, तर त्यातल्या तेलामुळे तो कुजत नाही, आणि ओकमधल्या आम्लाने खिळे गंजतात तसं सागात होत नाही. मॉडेलला यातलं काहीच लागत नाही. उलट सागाच्या नसा जाड, उघड्या. १:६४ ला त्या नसा म्हणजे फळीवर बोटभर रुंद भेगा दिसतात. पातळ पट्टी वळवली की नसेवर तडकते. तेलामुळे गोंदही कुरकुरतो.

परदेशात बासवूड, नासपती, बॉक्सवूड वापरतात. आपल्याकडे शिवण (झाडाचं नाव) बघा. हलकी, बारीक पोताची, धारेला गोड. त्याहून चांगलं हवं तर हेदू, काही सुतार हळदू म्हणतात. पिवळसर, नसा जवळजवळ दिसतच नाहीत, कड धारदार राहते. बॉक्सवूडच्या जागी मी तेच वापरतो. कप्प्या, मूर्ती, बारीक कोरीव वस्तूंना काळा कुडा. चन्नपट्टणची खेळणी ज्या पांढऱ्या लाकडाची करतात तेच हे. बाल्सा फक्त नाळेजवळच्या पोकळीत भरायला घ्या. फळीला नको, नखाने दबतो.

पुण्यात आहात तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात जा. मात्र नवं कापलेलं नको, वर्ष-दोन वर्षं सुकलेलं मागा. मॉडेलसाठी म्हणालात तर हसतील. 'छोट्या पेटीसाठी' म्हणा. दीड मिलिमीटरच्या पट्ट्या नेहमीच्या करवतीवर निघत नाहीत. पर्याय म्हणजे प्लायच्या दुकानातलं विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, स्टीलची पट्टी आणि ११ नंबरच्या सर्जिकल ब्लेडने घरी कापता येतं. खाली जाडसर साधं अस्तर, वर विनिअरच्या फळ्या. बहुतेक युरोपियन किटं हेच करतात, खाली दीड मिमी लिंडन आणि वर अर्धा मिमी अक्रोड.

बे_एरियातला_बाळ्या

किटबद्दल दोन शब्द. मॉडेल शिपवेज कंपनीची तीन छोट्या होड्यांची मालिका आहे : ग्रँड बँक्स डोरी, नॉर्वेजियन प्रॅम, आणि लॉब्स्टर पकडायची छोटी शिडाची नाव. ती खास नवशिक्यांसाठीच बेतलेली आहे. आधी सपाट तळ, मग फळीवर फळी चढवायची पद्धत, शेवटी खरं गोल अंग. सूचना इतक्या सविस्तर की मराठी माध्यमातल्या आमच्या शिक्षकांची आठवण यावी. मोठ्या जहाजात जी करामत शेकडो वेळा करावी लागते ती इथे थोड्या वेळा करून हात बसतो. स्पेनची ऑक्रे, इटलीची अमाती, डेन्मार्कची बिलिंग यांचीही सुरुवातीची किटं असतात, पण सूचना चित्रांवर भागवतात.

भारतात मागवायचं तर सीमाशुल्क बघा. स्केल मॉडेलं खेळण्यांच्याच ९५०३ या शीर्षकात मोडतात. तिथला दर २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेला आणि २०२३ मध्ये ७० वर. मागवण्याआधी त्या दिवशीचा दर तपासा, नाहीतर टपालवाला दारात हिशेब सांगतो आणि बायको मागे उभी असते.

अजून एक : जालावर निम्म्या किमतीत मिळणारी बरीच किटं दुसऱ्यांच्या आराखड्यांची चोरटी नक्कल असतात. ओळखायची खूण म्हणजे कंपनीचं नाव कुठेच नसतं आणि आराखडा छायाप्रतीत लहान झालेला असतो, त्यामुळे कापलेले भाग त्याच्यावर बसत नाहीत.

आरमार_वेडा

इंग्रजांची फ्रिगेट कशाला? कान्होजींची गुराब करा! मराठी माणसाने मराठी आरमार करायला नको का?

सुतारपक्षी

करायला हवी. फक्त पहिलं मॉडेल म्हणून नको. ऑर्म नावाच्या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने गुराबीचं वर्णन दिलंय : तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत, दोन डोलकाठ्यांची दीडशेच्या आसपास. नाळ भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी पुढे निघालेली, आणि त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांच्या पुढे, ४०-५० वल्ह्यांचं. वाचायला झकास. पण बल्कहेड कापायला मापाचे छेद लागतात, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं तेव्हा मोजण्यासारखी जहाजंही गेली. गुराब करायची म्हणजे निम्मं काम संशोधनाचं. वाघोटन खाडीतली गिर्ये इथली गोदी जांभ्यात कोरलेली अजून आहे, शंभर मीटरहून लांब. ती आधी बघून या.

शिडांचं देशी जहाजच हवं असेल तर फत्तेमारी घ्या. पारिस नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात युरोपबाहेरच्या जहाजांचे मापासहित आराखडे छापले, त्यात मुंबईची फत्तेमारी आहे. छेद, बाजू, शिडं, सगळं. पुढे झुकलेली डोलकाठी, लांब परबाण (शीड बांधायची काठी), आणि नाळेपासून उतरत गेलेला कण्याचा बाक. तोफा नाहीत, कप्प्या थोड्या. दुसरं किंवा तिसरं मॉडेल म्हणून याहून चांगलं काही मला सुचत नाही.

बे_एरियातला_बाळ्या

अवांतर : ट्रिंकोमालीचे आराखडे इंग्लंडहून मुंबईला ज्या जहाजातून निघाले त्याचं नाव जावा. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने ते फोडलं. त्यात मुंबईला निघालेले लेफ्टनंट जनरल हिस्लॉपही होते. आराखड्यांचा दुसरा संच पाठवावा लागला. बॉस्टनला कॉन्स्टिट्यूशन बघायला गेलात तर हे तिथल्या गाइडला सांगा, खूश होतो.

काथ्याकूट

मी मालवणचा. इतका वेळ गप्प होतो, कारण सगळे चार-पाच हजार मैलांवरच्या जहाजांबद्दल बोलत होते.

उलटा_वारा, तुम्हाला आराखडा विकत घ्यायची गरजच नाही. आमच्याकडे किनाऱ्यावर उलांडीच्या (तोल सांभाळायला बाजूला बांधलेलं लाकूड) लाकडी होड्या अजून आहेत. फायबर आल्यापासून कमी झाल्या, काही नुसत्या माडाखाली पडून आहेत. रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) जुन्या होड्या तर शिवलेल्या. फळीला फळी काथ्याच्या दोरीने शिवतात, खिळा नाही. सांध्यावर आतून काथ्याची वळकटी आणि तिच्यावरून टाके. वाळूवर आपटली तरी अंग लवतं, फुटत नाही, म्हणून रापणीला हीच लागायची. हल्ली नौदलाची कौंडिण्य गाजली ना, तीच रीत. अजिंठ्यातल्या चित्रावरून केलेली, गोव्यात बांधलेली, २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात दाखल झाली. चित्रात मापं नव्हती, म्हणून आधी आयआयटी मद्रासमध्ये छोटं मॉडेल पाण्यात ओढून चाचण्या घेतल्या. म्हणजे तिथेही मॉडेलच आधी!

होडी मोजायची कशी ते सांगतो. वाळूवर ओढलेली आणि दोन्ही बाजूंनी टेकण दिलेली होडी निवडा. मालकाला आधी विचारा. 'मापां घेवन काय करतलास?' असं विचारील, त्याला खरं सांगा. भरतीची वेळही त्यालाच विचारा. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, होडीच्या मधोमध, वरून सुतळी ताणा. पाणसळीने सुतळी आडवी सरळ करा. सुतळीवर दर अर्ध्या मीटरला रंगाची खूण करा. प्रत्येक खुणेवर काठावरून काठावर सरळ बांबू ठेवा. बांबूवर मध्यापासून दर दहा सेंटिमीटरला ओळंबा खाली सोडा आणि आतल्या फळीपर्यंतची खोली लिहा. दोन माणसं लागतात, एक ओळंबा धरायला, एक लिहायला. बांबू सुतळीच्या किती वर-खाली आहे तेही लिहा, काठ सरळ नसतो. ही आतली मापं झाली. फळीची जाडी एखाद्या भोकातून किंवा वरच्या काठाला मोजा आणि मिळवा. नाळेचा आणि मागचा बाक वेगळा घ्या, सरळ लाकडी पट्टी उभी धरून तिच्यापासूनची अंतरं. उलांडीचे दोन आडवे बांबू कुठे बांधलेत, किती बाहेर गेलेत, उलांडी पाण्याच्या रेषेशी कशी बसते, हे विसरू नका. फोटो घेताना चौकटीत टेप दिसू द्या.

घरी आलेखाच्या कागदावर हे छेद काढले की तुमचे बल्कहेड तयार. सात मीटरची होडी १:२० ला ३५ सेंटिमीटर होते. जेवणाच्या टेबलावर वाटीच्या शेजारी बसेल.

उलटा_वारा

काथ्याकूट, हे डोक्यातच आलं नव्हतं. ट्रिंकोमाली सोडत नाहीये हां! पण दिवाळीत तारकर्लीला जायचं ठरलंय. ओळंबा घेऊन जातो.

आरमार_वेडा

म्हणजे शेवटी होडीच.

शेवंती_ठाणे

आता मला सवड झाली. मी दातांची डॉक्टर, त्यामुळे हत्यारांबद्दल मीच बोलायला हवं. आमच्याकडचे वापरून झालेले बर (दात कोरायची बारीक पाती), प्रोब (टोकदार आकडे), बारीक चिमटे ओळखीच्या दंतवैद्याकडे मागा. निर्जंतुक केलेलेच मागा. गाठी ओढायला आणि गोंद काढायला प्रोबसारखं काही नाही. बाकी कपडे वाळत घालायचे चिमटे, उलट्या बाजूने स्प्रिंग बसवले की छान पकड होते. पॉलिश पेपर १२०, २२०, ४००, आणि तो लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवलेला, बोटांनी घासू नका, खड्डे पडतात. सुरुवातीला दोन-अडीच हजारांत सगळं भागतं.

मास्क लावा. साग आणि शिसव यांच्या भुशाने अनेकांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो. बाल्कनीत घासा, पंखा तोंडाकडून बाहेर.

गोंद : फेविकॉल. फेविक्विक पटकन धरतं म्हणून मोह होतो, पण ते ज्या फळीवर पसरतं तिथे पॉलिश मुरत नाही, पांढरा डाग शेवटपर्यंत दिसतो. सांधाही ठिसूळ. काथ्याकूटच्या होडीसाठी फेविकॉल मरीन घ्या, दमट हवेत बरं पडेल. पॉलिश म्हणून चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, पातळ, तीन-चार हात. जाड व्हार्निशने मॉडेल मिठाईच्या दुकानातलं दिसतं.

पट्टी वळवायची : लोक रात्रभर भिजत घालतात, त्याची गरज नाही. लाकूड मऊ होतं ते उष्णतेने. पाणी फक्त उष्णता आत नेतं आणि जळू देत नाही. गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं पुरे, मग इस्त्रीच्या टोकाने किंवा केस कुरळे करायच्या चिमट्यावर हळूहळू. हा चिमटा माझ्या मुलीचा होता. आता माझा आहे. वळवलेली पट्टी जागेवर कोरडी सुकू द्या आणि मगच चिकटवा, ओली चिकटवली तर सुकताना आकसून फट पडते.

पट्टी जाडीच्या दिशेने वळते, रुंदीच्या दिशेने फारशी नाही. जबरदस्ती केलीत तर एक कड बल्कहेडवरून उचलते. तिथे रुंद विनिअरमधून बाकदार फळीच कापायची. आधीच्या फळीच्या कडेवर पारदर्शक चिकटपट्टी लावायची, कड पेनने गिरवायची, ती पट्टी विनिअरवर चिकटवून कापायची. कापडावर बाही बेतल्यासारखंच.

सुतारपक्षी

ताई, शेवटचं वाक्य आमच्यासारख्यांना कळायला तीन वर्षं लागतात. एकच जोडतो. फळ्या लावण्याआधी बल्कहेडच्या कडा तिरक्या घासायच्या असतात, कारण पुढे-मागे फळी त्यांच्यावरून तिरकी जाते. कडांना पेन्सिलीने काळं करा, लांब पॉलिश पेपर चार-पाच बल्कहेडांवरून ओढा, काळं सगळीकडून गेलं म्हणजे काम झालं. मग एक पातळ पट्टी वेगवेगळ्या उंचीवर धरून बघा, ती प्रत्येक बल्कहेडच्या पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे. आणि त्याच्याही आधी कण्याची फळी काचेवर ठेवून सरळ आहे का ते बघा. कणा वाकडा असेल तर पुढे काहीही करून सरळ होत नाही. बल्कहेड काटकोनात बसवायला मुलांचे लेगोचे ठोकळे.

नाना_कोकणे

एवढं सगळं करून ते पाण्यात सोडायचं नाही?

काथ्याकूट

नाना, उलांडीची सोडता येते की. १:२० ची होडी हौदात तरंगते, फक्त तळाला थोडं शिसं. ट्रिंकोमालीला हे सांगून बघा.

उलटा_वारा

मंडळी, जाऊन आलो. होडी मिळाली, देवबागच्या बाजूला, मालक फार सज्जन. त्यांनी मला चहा पाजला आणि नंतर माझ्या हातातून ओळंबा काढून घेऊन स्वतःच मोजायला लागले. लांबी सहा मीटर ऐंशी सेंटिमीटर. दर अर्ध्या मीटरला छेद, त्यामुळे १:२० ला प्रत्येक बल्कहेडमध्ये २५ मिलिमीटर अंतर पडेल. घरी येऊन कागदावर उतरवलं तेव्हा मात्र कळलं की डावी आणि उजवी बाजू जुळत नाही. पुढच्या तीन छेदांत डावी बाजू दोन-अडीच सेंटिमीटरने जास्त फुगलेली आहे. पुढे काय करू? सरासरी काढून दोन्ही बाजू सारख्या करू?

सुतारपक्षी

सरासरी काढा. फळ्यांचा हिशेब सोपा होतो, एका बाजूचे निमुळते भाग दुसऱ्या बाजूला तसेच चालतात. मॉडेलवर अडीच सेंटिमीटर म्हणजे सव्वा मिलिमीटर. एवढ्यासाठी दोन वेगवेगळे साचे कोण काढणार?

काथ्याकूट

काढू नका!! आधी हे सांगा की उलांडी कुठल्या बाजूला आहे?

उलटा_वारा

डावीकडे.

काथ्याकूट

आणि होडी कुठल्या कुशीवर टेकलेली होती? टेकण नसताना पावसाळा काढलेल्या होड्या एका बाजूला बसतात आणि अंग पसरतं. ते म्हातारपण झालं, बांधणी नाही. पण तुमचा फरक फक्त पुढच्या तीन छेदांत आहे. पसरलेली असती तर सगळ्यात जास्त फरक मध्ये, पोटात दिसला असता. हाताने, डोळ्याने बांधलेल्या होडीत दोन बाजू तंतोतंत कधीच नसतात. फळी जशी मिळाली तशी लावतात. मालकाला फोन करून विचारा.

सुतारपक्षी

हे मान्य. फरक मध्ये असता तर मी माझ्या मतावर ठाम राहिलो असतो.

उलटा_वारा

फोन केला. ते म्हणाले, वडिलांनी बांधून घेतली तेव्हापासून तशीच आहे, आणि वल्हवताना ती सरळच जाते. दोन्ही बाजू वेगळ्या ठेवतो. छेद तीन मिलिमीटरच्या प्लायवर लेझरने कापून घेतोय, ट्रॉफी करणाऱ्या दुकानात. त्याने एक प्रश्न विचारला नाही, पुणेकर असून.

आता शेवटची अडचण. शिवणीची भोकं. खऱ्या होडीत टाक्यांतलं अंतर सहा ते सात सेंटिमीटर आहे, म्हणजे मॉडेलवर तीन-साडेतीन मिलिमीटर. भोक किती जाड घेऊ आणि दोरा कुठला?

शेवंती_ठाणे

भोक ०.६ मिमी. पसोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पीसीबीची बारीक ड्रिलं मिळतात, पण ती कार्बाइडची असतील तर हाताने फिरवताना जरा तिरकी झाली की तुटतात. हायस्पीड स्टीलची मागा आणि छोट्या हातड्रिलमध्ये लावा, मोठं विजेचं नको. फळीच्या कडेपासून निदान दीड मिलिमीटर आत, नाहीतर टाका ओढताना कड फाटेल. भोकं दोन्ही फळ्यांना एकत्र पाडू नका. आधी एका फळीला पाडा, ती जागेवर धरून दुसरीवर खुणा करा.

दोरा काथ्याच्या रंगाचा, पॉलिस्टरचा. सुती दिसायला चांगला, पण पावसाळ्यात आवळतो आणि उन्हाळ्यात सैल पडतो, शिवलेल्या होडीत ते सगळ्या सांध्यांवर दिसेल. मधमाश्यांच्या मेणातून एकदा ओढून घ्या, तंतू बसतात. आणि सांध्याखाली खरा काथ्या विंचरून बारीक तंतू ठेवा, दोऱ्याच्या आत. पायपुसण्याच्या एका कोपऱ्यातून पुरेसा निघतो.

काथ्याकूट

पायपुसणं कशाला, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. खरा काथ्या पाठवतो, रापणीचाच.